मोबदला घेतला, वस्तू दिली नाही



नमाज, रोजा, जकात आणि हज यांविषयी आपल्या घरांत पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दुकानाच्या गल्ल्यापाशी, बिल फाडताना, दिलेली तारीख पाळताना आपला दीन आपल्याकडून काय मागतो, याची चर्चा त्या मानाने फार कमी होते. दिव्य कुरआनची रीत मात्र अशी नाही. सूरह अल-आराफच्या ८५व्या आयतीत हजरत शुऐब (अ.) आपल्या मदयन समाजाला एकमेव अल्लाहच्या उपासनेचे आवाहन करतात आणि त्याच दमात माप व वजन पूर्ण देण्यास, लोकांच्या वस्तूंत घट न करण्यास सांगतात. तौहीद आणि तराजू येथे एकाच आयतीत येतात. अल्लाहला मानणे आणि ग्राहकाचा हक्क मारणे या दोन गोष्टी एका हृदयात सुखाने नांदू शकत नाहीत, हाच त्याचा बोध आहे.

आजच्या बाजारातील एक साधे उदाहरण घेऊ. समजा, मालेगावातील एक तरुण घरातच एका संगणकावर अक्षरजुळणीचे काम सुरू करतो. लग्नपत्रिका, जाहिरातीची पत्रके, मदरशांच्या पावतीपुस्तिका ही त्याची कामे. शाबानचा महिना लागला की सेहरी-इफ्तारच्या वेळापत्रकांची मागणी वाढते. त्याच्यासाठी तोच कमाईचा हंगाम. आजवर त्याने इतरांप्रमाणे फुकटात मिळालेल्या चोरीच्या प्रतीवर काम केले. आता मनात येते की रोजी हलाल हवी तर अवजारही हलाल असावे. साठवलेले १८,००० रुपये घेऊन तो शहरातील संगणकाच्या दुकानात जातो आणि उर्दू-मराठी अक्षरजुळणीचे परवानाधारक सॉफ्टवेअर मागतो. दुकानदार पूर्ण रक्कम घेतो आणि आठ दिवसांत लायसन्स की देण्याचे कबूल करतो. आठ दिवस जातात, पंधरा जातात. ‘वरूनच आले नाही’, ‘उद्या नक्की’, ‘साहेब बाहेरगावी आहेत’ अशी उत्तरे मिळत राहतात. पुढे फोन उचलला जात नाही. शेवटी दुकानदार एक पेनड्राइव्ह पुढे करतो आणि म्हणतो, “ही क्रॅक केलेली प्रत घे, चालते तेच. उगाच वाद कशाला?”

हा वाद केवळ १८,००० रुपयांचा नाही. त्यात एका माणसाचा हंगाम आहे, त्याचा विश्वास आहे आणि हराम सोडून हलालकडे वळू पाहणारे एक पाऊल आहे. शरीयतच्या भाषेत हा ‘हक्कुल इबाद’चा, म्हणजे माणसांच्या परस्पर हक्कांचा प्रश्न आहे. म्हणून त्याची प्रत्येक बाजू तपासणे आपणा सर्वांसाठी अगत्याचे आहे.

न दिसणारी वस्तू, खराखुरा हक्क

काही लोकांच्या मनात असा समज असतो की सॉफ्टवेअर म्हणजे काही धान्य नव्हे, कापड नव्हे; ते हातात धरता येत नाही, तेव्हा ते न दिल्याने कोणाचे काय गेले? हा समज घातक आहे. सॉफ्टवेअरच्या विक्रीत ग्राहक वापराचा अधिकार विकत घेत असतो आणि त्या अधिकाराला बाजारात किंमत आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात व्यापारी नाव, लेखन, शोध आणि नवनिर्मिती यांवरील हक्क हे शरीयतच्या दृष्टीने संरक्षित हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यांचे आर्थिक मूल्य मान्य करून त्यांवर अतिक्रमण करणे अवैध ठरविले. याच अकादमीने १९९० मध्ये जेद्दाह येथे ताबा कशाला म्हणावे याचाही विचार केला. वस्तू हातात घेणे हा ताब्याचा एक प्रकार. ती निर्वेधपणे वापरता येईल अशा रीतीने ग्राहकाच्या अधीन करणे हा दुसरा प्रकार.

यावरून आपल्या उदाहरणातील गोष्ट उलगडते. दुकानदाराने चकचकीत खोके दिले, पण आतली की चालत नाही, तर ताबा दिला गेला नाही. ‘तुमच्या नावावर नोंद झाली आहे’ असे सांगितले, पण संगणकावर ती उघडत नाही, तरी ताबा दिला गेला नाही. वस्तू ग्राहकाच्या उपयोगात येण्याजोगी होईपर्यंत विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. वाटेत जे बिघडेल, हरवेल किंवा अडकेल त्याचा भार विक्रेत्यावर आहे.

सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. तेथे लहान करार-मोठा करार, लेखी-तोंडी, मुस्लिमाशी-मुस्लिमेतराशी असा भेद केलेला नाही. ‘आठ दिवसांत देतो’ हे शब्द उच्चारून पैसे स्वीकारले की तो करार झाला. आणि सूरह बनी इस्राईलच्या ३४व्या आयतीनुसार प्रत्येक वचनाबद्दल जाब विचारला जाणार आहे.

जवळ नसलेल्या वस्तूची विक्री

अशा तंट्यांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. विक्रेता स्वतःजवळ नसलेली वस्तू आधी विकतो आणि मग ती शोधायला निघतो. हजरत हकीम बिन हिजाम (र.) हे व्यापारी होते. त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना नेमके हेच विचारले होते. ग्राहक येतो, माझ्याजवळ नसलेली वस्तू मागतो, मी ती त्याला विकून नंतर बाजारातून आणून देऊ काय? पैगंबरांनी (स.) त्यांना जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसींत तर विकत घेतलेले धान्यही ताब्यात येण्यापूर्वी पुढे विकण्यास मनाई आढळते.

या आदेशामागील शहाणपण आपल्या उदाहरणात उघड दिसते. दुकानदाराने अठरा हजार घेतले तेव्हा की त्याच्याकडे नव्हती. वितरकाकडे होती की नाही हेही त्याला माहीत नव्हते. त्याने वस्तू नव्हे, आपली आशा विकली. ती फसली तेव्हा नुकसान मात्र ग्राहकाच्या पदरात टाकले.

मग आगाऊ पैसे घेऊन व्यापार करूच नये काय? तसे नाही. शरीयतने व्यापाराची वाट अडवलेली नाही, तिला कठडे बांधले आहेत. हजरत इब्न अब्बास (र.) यांच्या कथनानुसार पैगंबर (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक फळांसाठी एक-दोन वर्षे आधीच पैसे देत असत. पैगंबरांनी (स.) ही पद्धत बंद केली नाही. जो कोणी असा आगाऊ व्यवहार करील त्याने ठरलेले माप, ठरलेले वजन आणि ठरलेली मुदत निश्चित करावी, असा नियम त्यांनी घालून दिला. फिकहमध्ये या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. वस्तू कोणती, कशा प्रतीची, किती, केव्हा आणि कोठे द्यायची, हे त्यात आधीच स्पष्ट असावे लागते. ठरलेली वस्तू बाजारातून नाहीशी झाली तर हनफी फुकहांच्या मते ग्राहकाला दोन वाटा मोकळ्या असतात. त्याने थांबावे किंवा करार मोडून आपली मूळ रक्कम परत घ्यावी. निवड ग्राहकाची आहे, विक्रेत्याची नव्हे.

सॉफ्टवेअरचा कोणता व्यवहार कोणत्या प्रकारात बसतो, हे त्या-त्या व्यवहाराचा तपशील पाहून आलिमांनी सांगावयाचे आहे. परंतु संगणक-विक्रेत्या बांधवांना एक सोपी आणि सुरक्षित वाट दाखवता येईल. की जवळ नसेल तर विक्री करू नका. ग्राहकाला स्पष्ट सांगा की मी तुमचा प्रतिनिधी म्हणून कंपनीकडून ती आणून देईन, माझी मेहनत इतकी; न मिळाल्यास अमुक तारखेला तुमची रक्कम परत करीन. मग ती रक्कम तुमच्याकडे अमानत राहील. ती दुकानाच्या भाड्यात किंवा दुसऱ्या मालाच्या खरेदीत खर्च करण्याचा अधिकार तुम्हाला उरणार नाही. आज बहुतेक तंटे पेटतात ते याच जागी. ग्राहकाचा पैसा वितरकाकडे पोहोचलेलाच नसतो. तो दुकानदाराच्या दुसऱ्या देण्यात जिरलेला असतो आणि ‘वरून आले नाही’ हे त्यावरचे पांघरूण असते.

टाळाटाळ आणि बदली माल

पैगंबरांनी (स.) ऐपतदाराने देणे लांबविण्यास जुलूम म्हटले आहे. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोघांकडे आहे. ‘जुलूम’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर राजे आणि सरदार येतात. परंतु गल्ल्यात पैसे असताना ‘उद्या या’ म्हणणारा दुकानदारही त्या शब्दाच्या कक्षेत येतो. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या प्रारंभी अशा लोकांचा धिक्कार आहे, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि देताना कमी देतात. विचार करा, रक्कम घेताना यूपीआयचा आवाज ऐकल्याशिवाय जो ग्राहकाला जाऊ देत नाही आणि वस्तू देताना मात्र ज्याला तारखेची पर्वा नाही, त्याचेही घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे नाही काय?

त्यातही शपथांची भर पडते. ‘अल्लाहची शपथ, काल संध्याकाळीच पाठवले आहे!’ खोट्या शपथेचे पाप तर स्वतंत्र आहेच, पण पैगंबरांनी (स.) सावध केले आहे की शपथेने माल खपतो, मात्र बरकत पुसली जाते.

आता त्या पेनड्राइव्हकडे वळू. परवानाधारक प्रत कबूल करून चोरीची प्रत देणे म्हणजे एकाच हाताने दोघांचा हक्क मारणे आहे. ज्याने ते सॉफ्टवेअर तयार केले त्याचा आणि ज्याने प्रामाणिकपणे किंमत मोजली त्याचा. एकदा पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून गेले. त्यांनी हात आत घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले की ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. मुस्लिम यांच्या संग्रहातील या हदीसीत लक्षात घेण्याजोगे हे की पाऊस पडणे हा विक्रेत्याचा अपराध नव्हता; ओल लपवणे हा होता. वितरकाने की न पाठवणे हाही दुकानदाराचा अपराध नसेल. ते लपवणे आणि बदली माल गळ्यात मारणे हा त्याचा अपराध आहे. ग्राहकानेही येथे सावध असावे. ‘चालते तेच’ म्हणून त्याने ती प्रत स्वीकारली तर त्याचा राग शांत होईल, पण ज्या हलाल रोजीसाठी त्याने पैसे साठवले होते तो हेतूच बुडेल.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराकडून दोष असलेले एक वस्त्र दोष न सांगता विकले गेले आणि ग्राहकाचा पत्ता लागेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी किंमत दान करून टाकली, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रांत येतो. ग्राहक तक्रार करण्यास आला नव्हता. कोणी जाब विचारणारा नव्हता. तरीही त्या पैशाला आपल्या घरात जागा देणे त्यांना मानवले नाही.

खरोखर अडचणीत सापडलेल्या दुकानदारासाठीही दीनने दार बंद केलेले नाही. सूरह अल-बकराच्या २८०व्या आयतीत तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवड देण्याचा आदेश आहे आणि देणे माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. पण सवड सत्य सांगणाऱ्याला मागता येते. ‘भाऊ, पैसे खर्च झाले, दोन हप्त्यांत देतो, हे लिहून घ्या’ असे म्हणणारा आणि फोन बंद करून बसणारा यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय पैगंबरांनी (स.) शुभवार्ता दिली आहे की जो कोणी समोरच्याचा पस्तावा पाहून केलेला सौदा मोडू देईल, त्याच्या चुका अल्लाह माफ करील. फिकहमध्ये याला ‘इकाला’ म्हणतात. वस्तू देऊनही सौदा मोडू देण्याचे एवढे मोल असेल, तर वस्तू न देताच पैसे अडवून ठेवणाऱ्याने स्वतःला काय म्हणावे?

हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे

आपल्या समाजात एक विचित्र शिष्टाचार रूढ झाला आहे. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने आवाज चढवला की लोक त्यालाच सब्र शिकवतात. ‘जाऊ द्या, आपलाच माणूस आहे’, ‘मशिदीत पहिल्या सफमध्ये असतो, बोभाटा नको’. सब्र ही थोर गोष्ट आहे. परंतु पीडिताच्या गळ्यात सब्र बांधून जुलूम करणाऱ्याला मोकळे सोडणे हा सब्र नव्हे.

पैगंबरांचे (स.) आचरण पाहा. हजरत अबू हुरैरा (र.) सांगतात की एका माणसाचा उंट पैगंबरांकडे (स.) देणे होता. तो मागण्यास आला आणि कठोर शब्दांत बोलू लागला. साथीदारांना ते सहन झाले नाही. ते त्याच्या अंगावर जाऊ लागले. पैगंबरांनी (स.) त्यांना अडवले आणि हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो हे त्यांच्या ध्यानी आणून दिले. मग त्याच्या उंटाच्या वयाचा उंट विकत घेऊन देण्यास सांगितले. तेवढ्या वयाचा मिळेना, त्याहून चांगला मिळत होता. पैगंबरांनी (स.) तोच देण्यास सांगितले आणि फेड करण्यात जो उत्तम तोच तुमच्यात उत्तम, असे फरमाविले.

बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवलेल्या या प्रसंगात व्यापाराचे सारे शास्त्र आले आहे. ज्याच्याकडे मागणे आहे तो अल्लाहचा पैगंबर आहे. मागणारा उद्धट आहे. भोवती प्राण देणारे साथीदार आहेत. तरीही हक्काची बाजू मोठी ठरली. आपल्यापैकी ज्याच्या दुकानात ग्राहक रागाने बोलतो त्याने आधी स्वतःला विचारावे की याचे माझ्याकडे काही देणे आहे काय? असेल तर त्याच्या स्वराचा हिशेब नंतर. आधी त्याच्या पैशाचा.

दिव्य कुरआननेही पीडिताची जीभ बांधलेली नाही. सूरह अन-निसाच्या १४८व्या आयतीत वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला पसंत नसल्याचे सांगताना, ज्याच्यावर जुलूम झाला त्याला त्यातून वगळले आहे. म्हणून घडलेला अन्याय संबंधितांना सांगणे, तक्रार करणे, इतरांना त्या व्यवहारापासून सावध करणे ही निंदा ठरत नाही.

परंतु हा अधिकार सत्याच्या चौकटीतला आहे आणि येथे ग्राहकाचीही परीक्षा होते. एक महिना उशीर झाला असता सहा महिने सांगणे, १८,०००चे २५,००० करणे, दुकानदाराच्या घरातील स्त्रियांपर्यंत शब्द नेणे, त्याच्या जुन्या उणिवा चव्हाट्यावर मांडणे, हे त्या सवलतीत बसत नाही. काही ग्राहक की मिळाल्यावरही ‘मिळाली नाही’ अशी बँकेकडे तक्रार करून रक्कम परत घेतात आणि सॉफ्टवेअरही वापरत राहतात. न दिसणाऱ्या वस्तूच्या व्यवहारात हे सोपे असते. पण डोळ्यांना न दिसणारी चोरी अल्लाहपासून लपत नाही. हजरत उम्मे सलमा (र.) यांनी कथन केलेल्या हदीसीनुसार पैगंबरांनी (स.) वादी-प्रतिवादींना बजावले होते की कोणी आपली बाजू अधिक चतुराईने मांडून माझ्याकडून दुसऱ्याच्या हक्कातले काही मिळवले, तर त्याने अग्नीचा तुकडा घेतला असे समजावे. जेथे पैगंबरांचा (स.) निकालही हराम वस्तूला हलाल करत नाही, तेथे बँकेचा किंवा न्यायालयाचा निकाल कसा करील?

लिहून ठेवा, मग दाद मागा

सूरह अल-बकराची २८२वी आयत ही दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय आहे मुदतीचे व्यवहार लिहून ठेवणे, साक्षीदार ठेवणे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे त्यात बजावले आहे. ओळखीच्या दुकानात पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तो या शिकवणीचा आदर आहे. पावतीवर सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, परवाना एका संगणकासाठी की अधिक, एक वर्षाचा की कायमचा, देण्याची तारीख आणि न मिळाल्यास रक्कम परत करण्याची तारीख एवढे लिहिलेले असावे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा हा शरीयतचा सर्वमान्य नियम आहे. पावती नसेल तर खरा हक्कही तोकडा पडतो.

समजुतीने प्रश्न सुटत नसेल तर देशाच्या कायद्याची दाद मागणे हा आपला अधिकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि ऑनलाइन विक्रीच्या त्याच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचाही समावेश आहे. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी खरेदी करणारा आपल्या उदाहरणातील तरुणासारखा माणूसही या कायद्याने ग्राहक ठरतो. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात करावे असा नियम आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आयोग कधी परताव्याबरोबर व्याजही मंजूर करतो. व्याज आपल्यासाठी हराम असल्याने श्रद्धावंताने आपली मूळ रक्कम आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांवर समाधान मानावे आणि व्याजाच्या रकमेबाबत आलिमांचा सल्ला घ्यावा.

शेजाऱ्यांचे कर्तव्य

अशा तंट्यात तिसरा पक्षही असतो. तो म्हणजे आपण, पाहणारे. मक्केत इस्लामपूर्व काळात येमेनमधील जबीद येथील एक व्यापारी माल घेऊन आला. कुरैशच्या आस बिन वाइल या वजनदार माणसाने माल घेतला आणि किंमत देण्यास नकार दिला. परदेशी व्यापाऱ्याने ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांनी पाठ फिरवली. तेव्हा तो अबू कुबैस टेकडीवर चढला आणि काबागृहाजवळ जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशी आपली फिर्याद मांडली. ती ऐकून काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. पीडित कोणीही असो, मक्केचा वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली आणि त्या व्यापाऱ्याचा पैसा वसूल करून दिला. हा करार ‘हिल्फुल फुजूल’ म्हणून ओळखला जातो. तरुण वयात मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते आणि पैगंबरत्व मिळाल्यानंतरही त्यांनी सांगितले की आजही अशा करारासाठी हाक आली तर मी धावून जाईन.

तेथे माल घेऊन पैसे अडवले होते, आपल्या उदाहरणात पैसे घेऊन माल अडवला आहे. जुलूमाची जात एकच. आपल्या मोहल्ल्यात, बाजारपेठेत, मशिदीच्या जमातीत असा तंटा असेल तर दोन समंजस माणसांनी मध्ये पडावे, पावती पाहावी, दोघांचे ऐकावे आणि तारीख ठरवून हक्क मिळवून द्यावा. समेट जरूर घडवावा. पण तो ‘अर्धे सोड आणि गप्प बस’ असा दुबळ्यावर लादलेला नसावा. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत न्यायासाठी स्वतःच्या आणि नातलगांच्या विरोधातही साक्ष देण्यास सांगितले आहे. सूरह अल-माइदाच्या ८व्या आयतीत एखाद्या समाजाचे वैर आपल्याला अन्यायाकडे ढकलू नये, अशी ताकीद आहे. म्हणून दुकानदार मुस्लिम आणि ग्राहक हिंदू बांधव असेल तेव्हा आपले माप बदलता कामा नये; उलट तेथे आपल्या दीनची साक्ष आपण देत असतो.

माणूस ओळखण्यातही आपण चुकतो. एकाने दुसऱ्याच्या भलेपणाची ग्वाही दिली तेव्हा हजरत उमर (र.) यांनी त्याला विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय, दिनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांनी ती ग्वाही मान्य केली नाही, असे सांगितले जाते. मशिदीत वाकलेले डोके पाहून दिलेली ग्वाही त्यांना पुरेशी वाटली नाही.

मरणानंतर देईन म्हणणारा

त्याच आस बिन वाइलची आणखी एक हकिगत आहे. हजरत खब्बाब (र.) हे मक्केतील लोहार. आसकडे त्यांच्या कामाचे पैसे राहिले होते. ते मागण्यास गेले असता तो म्हणाला की मुहम्मदांना नाकारल्याशिवाय देणार नाही. तू मरून पुन्हा उठवला जाशील तोपर्यंतही मी नाकारणार नाही, असे खब्बाब (र.) उत्तरले. तेव्हा आसने थट्टेने म्हटले की मग मी मरून उठेपर्यंत थांब. तेथेही मला संपत्ती आणि मुले मिळतील, तेथेच तुझे देणे फेडीन. या उद्दामपणावर सूरह मरयमच्या ७७ ते ८० या आयती अवतरल्या. आज तो जे बोलतो ते लिहून ठेवले जात आहे आणि उद्या तो एकटाच हजर होणार आहे, असा त्यांचा आशय आहे.

आस थट्टेत बोलला. आपल्यातील जो माणूस आखिरतवर ईमान ठेवूनही लोकांचे पैसे दाबून बसतो आणि तसाच मरण पावतो, तो न बोलता तेच करतो. देण्याचा दिवस मरणापलीकडे ढकलतो. पण तेथे रुपये चालत नाहीत. मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीसीत पैगंबरांनी (स.) खरा दिवाळखोर कोण हे समजावले आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. त्याची सत्कर्मे एकेका हक्कदाराला वाटून दिली जातील. ती संपली की हक्कदारांची पापे त्याच्या माथी येतील. अठरा हजारांच्या एका सॉफ्टवेअरसाठी किती वर्षांच्या नमाजी मोजाव्या लागतील, याचा हिशेब कोणत्या संगणकाला करता येईल?

म्हणून प्रिय बांधवांनो, आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी वही उघडा. कोणाची रक्कम घेतली आणि वस्तू दिली नाही, कोणाचा फोन टाळला, कोणाला बदली माल दिला, ते पाहा. देणे असेल तर मागणाऱ्याची वाट न पाहता स्वतः पोहोचवा. शक्य असेल तर थोडे अधिक आणि गोड शब्दांनी द्या. आणि ज्या भगिनी-बांधवांचा हक्क अडकला आहे त्यांनी तो सत्याने मागावा, निर्भयपणे मागावा. समोरचा खरोखर अगतिक असेल तर सवड देऊन अल्लाहच्या सवलतीची आशा ठेवावी.

हे अल्लाह, आमच्या कमाईला हलाल कर, आमच्या शब्दाला तारखेइतके पक्के कर. आम्ही ज्यांचे देणे आहोत त्यांच्यापर्यंत मरणापूर्वी पोहोचण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. ज्यांचा हक्क मारला गेला आहे त्यांना तो मिळवून दे, आणि आमच्या बाजारपेठांना विश्वासाची बरकत दे. आमीन.